विचारून खाणारे सर

नारायणगावच्या ज्या गिरणीत आम्ही दळण टाकायचो, तिथे संध्याकाळी डब्यांची रांग लागे. टोमॅटोच्या हंगामात तर बाजारातून परतणारी माणसंही दळण घेऊनच घरी जायची, त्यामुळे गर्दी जास्त. अशा वेळी प्रत्येकाची धडपड आपला डबा पायानं हळूच पुढे सरकवण्याची. आमचे सर मात्र मागे सरकायचे. त्यांच्या डब्यात बाजरी असे. पुढे कुणाचा गव्हाचा डबा असला की ते आपला नंबर सोडून देत आणि भिंतीला टेकून वर्तमानपत्र उघडत. "होऊ द्या भाऊ तुमचं, मला घाई नाही," असं मोठ्या मनानं म्हणत.

मग कुणीतरी बाजरी घेऊन येई. सर त्याला दंडाला धरून पुढे घालत. त्याची बाजरी दळून होत आली की वर्तमानपत्राची घडी खिशात जाई आणि सर डबा उचलून थेट जात्याच्या तोंडाशी उभे राहत. आता त्यांच्या आधी कुणी यायचं नाही. एकदा गव्हाचा डबा घेतलेली एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर, आत्ता तर म्हनत व्हता घाई न्हाई."

"तेव्हा नव्हती, आता आहे," सर म्हणाले.

एवढं करूनही दळणाचं पहिलं पीठ ते घरी नेत नसत. पसाभर पीठ बाजूला काढून गिरणीवाल्याच्या शेळीला घालत. गिरणीवाल्याला सरांचा हा कारभार पाठ झाला होता. शेळीलाही झाला होता. सर दिसले की ती दाव्याला ताण देऊन उभी राही.

मी या सरांच्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. सर भूगोल शिकवत. पन्नाशीला आलेले, शेलाटे, पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. डिंगोऱ्याच्या जुन्या बागाईतदार घरातले. घरी ऊस, विहिरी, माणसांचा राबता, पण हे नोकरीसाठी नारायणगावात राहिले. पिशवीत जेवणाचा डबा, स्वतःचा चमचा, आणि रुमालात बांधलेले राजगिऱ्याचे लाडू. ती पिशवी ते कुणाला उचलू देत नसत. नव्या शिपायानं एकदा आदरानं ती घेतली आणि पावाच्या पुड्याशेजारी ठेवली, तर सरांनी ती उचलून नळावर नेऊन बाहेरून धुतली.

शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर बिस्किटं आली की सर कप घेऊन खिडकीत जात. बाकीचे चिडवायचे. कुणी म्हणे, सर, बिस्किटाची सावली पडली चहावर, आता ओतून द्या. सर मान हलवून हसत आणि खिडकीतच चहा संपवत. त्यांनी कुणाला कधी समजावून सांगितलं नाही. मला वाटायचं, सोवळं असेल. पण बागाईतदाराच्या घरात असलं सोवळं कुठून आलं, ते मात्र कळेना.

एकदा शाळेच्या कामानं आम्ही नाशिकच्या बाजूला निघालो होतो. आळेफाट्याला एसटी थांबली आणि आम्ही हॉटेलात शिरलो. सरांनी बसण्याआधी प्रश्नच सुरू केले. खिचडी कोणत्या कढईत केली? त्या कढईत सकाळपासून दुसरं काय झालं? बटाट्याच्या चकत्या ज्या तेलात तळल्या, त्यात समोसा पडला होता का? आमटीत हिंग आहे का, आणि आहे तर डबीतला की खडा? डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. हॉटेलवाला गल्ल्यावरून उठून आला.

"सर, तुमी जेवायला आलाय का पंचनाम्याला?"

"जेवायलाच आलोय. पण यात गोरं काही आहे का, तेवढं सांगा."

गोरं म्हणजे गहू. मैदा, रवा, पाव, शेवया, सगळं या एकाच शब्दात येई. हॉटेलवाल्यानं शेवटी दोन केळी पुढे ठेवली आणि म्हणाला की यात काही मिसळलं असेल तर देवानंच. सर खूश झाले. निघताना मी म्हटलं की सर, माणसं वैतागतात. तेव्हा त्यांनी त्यांचं आवडतं वाक्य ऐकवलं. "विचारून खाणारा उद्धट दिसतो खरा, पण दुसऱ्या दिवशी शाळेत दिसतो."

बाहेर ते नेहमी उपवासाचंच खात, म्हणजे भगर, साबुदाणा, रताळी, राजगिरा. त्यामुळे गावात त्यांच्याविषयी एक वेगळीच ख्याती पसरली होती. बारा महिने उपवास करणारे मास्तर. स्टँडवर एखादी म्हातारी त्यांच्या पाया पडे. सर संकोचून मागे होत. "आजी, मी देवाला नाही, पोटाला भितो," असं ते सांगत. आजीला ते विनयाचं बोलणं वाटे आणि ती आणखी एकदा वाकून पाया पडे.

खरी पंचाईत प्रसादाची. शाळेत सत्यनारायण असला की शिऱ्याचा द्रोण हातात येणार, आणि प्रसाद नाकारणारा माणूस आमच्याकडे चालत नाही. सर द्रोण घेत, कपाळाला लावत आणि शेजारच्या पोराच्या हातात देत. "माझ्या वाटचं पुण्य तू खा," म्हणत. मुख्याध्यापकांना ते खटके. एका वर्षी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "सर, प्रसादानं कुणाला काही होत नसतं."

सर शांतपणे म्हणाले, "बरं. मग उद्याचे माझे सगळे तास तुमच्याकडे."

मुख्याध्यापकांनी द्रोण परत घेतला.

हे सगळं मी गंमत म्हणून बघत होतो. ते माझ्याही पोटापर्यंत येणार आहे, हे मला माहीत नव्हतं.

माझं गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरात. घोडेगावहून एसटीनं डिंभ्याच्या पुढे जायचं आणि मग पायवाट. भात, नाचणी आणि वरई, एवढंच आमचं पीक. आईनं आणि वडिलांनी, म्हणजे दादांनी, रानातला हिरडा गोळा करून, वाळवून, डोक्यावरून उतरवून मला शिकवलं. घराण्यात मीच पहिला पदवीधर. लहानपणी आमच्याकडे गव्हाची चपाती वर्षातून एखाद्या सणाला दिसे, आणि ती दिसली की घर श्रीमंत झाल्यासारखं वाटे. नाचणीची काळी भाकरी म्हणजे गरिबी, चपाती म्हणजे साहेबाचं जेवण, हे आमच्या डोक्यात पक्कं होतं. वसतिगृहात गेलो तेव्हा रोज चपाती मिळू लागली. तेव्हापासूनच माझं पोट बिघडत गेलं. सगळे म्हणत, डोंगरातलं पोट आहे, सवय होईल. मीही तेच म्हणायचो.

सवय झाली नाही. नोकरी लागली, खानावळीत दोन्ही वेळा चपाती सुरू झाली, सकाळी चहाबरोबर टोस्ट आले, आणि मी उतरणीला लागलो. पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, तोंड आलेलं कायम. अंगात रक्त राहीना. वरच्या मजल्यावरच्या वर्गात जाताना मी कठड्याला धरून थांबायचो आणि मुलांना वाटायला नको म्हणून खिशात खडू शोधल्यासारखं करायचो. डॉक्टरांनी टीबीच्या तपासण्या केल्या, जंताची औषधं दिली, लोहाची इंजेक्शनं दिली. तात्पुरतं बरं वाटे, पुन्हा तेच.

त्याहून वाईट होतं ते लोकांचं बोलणं. तो काळच तसा होता. हायवेला राहणारा तरुण माणूस असा वाळत चालला की लोक एकाच रोगाचं नाव मनात आणत आणि ते तोंडानं घेत नसत. माझी तीही तपासणी झाली आणि त्यात काही निघालं नाही. पण तपासणीचा कागद घेऊन गावभर कोण फिरणार? एक जमत आलेलं स्थळ त्यातच मोडलं. मुलीच्या मामानं निरोप धाडला की पोरगं चांगलं आहे, पण तब्येतीचं आमच्या कानावर आलं आहे. आई त्या निरोपानंतर जेवली नाही. मी नोकरी सोडून गावी जायचं मनात पक्कं करत आणलं होतं. जायचं म्हणजे काय करायला, ते मनात आणत नव्हतो.

एका दुपारी मधल्या सुट्टीत सर माझ्या शेजारी येऊन बसले. माझा डबा उघडा होता. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्या ओठांच्या कोपऱ्यांकडे. म्हणाले, "मास्तर, तू श्रावणी सोमवार धरतोस ना?"

मी हो म्हटलं.

"मग मंगळवारी सकाळी पोट कसं असतं?"

माझा घास हातातच राहिला. असं मला कुणी विचारलं नव्हतं आणि मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी मला बरं वाटायचं. नवरात्रात तर मी चक्क मुलांबरोबर मैदानात उतरायचो. मी ते देवीच्या खात्यावर टाकत आलो होतो.

"मीही टाकलं होतं," सर म्हणाले. आणि मग पहिल्यांदा त्यांनी आपली हकिगत सांगितली. त्यांना कितीतरी वर्षं संग्रहणी म्हणून औषधं दिली गेली. नवरात्र आलं की ते बरे व्हायचे, दसऱ्याला पुरणपोळी खाल्ली की अंथरुणाला लागायचे. घरच्यांना वाटे, घट उठले म्हणून देवी कोपली. शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांनी घशातून नळी घालून तपासलं आणि रोगाचं नाव सांगितलं, सिलिॲक. सरांनी मला तो रोग भूगोलाच्या शिक्षकासारखाच समजावला. शरीरानं सरहद्दीवर राखणदार ठेवलेले असतात. काही माणसांत गहू आत आला की त्या राखणदारांची डोकी फिरतात, आणि ते शत्रू सोडून आपल्याच आतड्याचं अस्तर कुरतडायला लागतात. मग कितीही खा, अंगी लागत नाही. याला औषधाची गोळी नाही. गहू आयुष्यभर बंद, जव बंद. राखणदार शांत झाले की अस्तर पुन्हा उगवतं.

मी तिथल्या तिथे डबा मिटायला लागलो. सरांनी माझा हात धरला.

"खा. तपासणी होईपर्यंत खायचंच. आधीच सोडलंस तर डॉक्टरला आत काही सापडायचं नाही, आणि तुला हाच रोग आहे असं मी कोण म्हणणार? मी भूगोल शिकवतो."

पुण्याला ते स्वतः माझ्याबरोबर आले. नळीच्या तपासणीला मी घाबरलो होतो. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी मला पंजाबच्या कालव्यांविषयी इतकं सविस्तर सांगितलं की माझं नाव पुकारलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. निदान तेच निघालं. मी रडलो, ते दुःखानं नाही. माझ्या दुखण्याला नाव होतं आणि ते नाव चारचौघांत घेता येण्यासारखं होतं.

त्यानंतर मी सरांचा शिष्य झालो. जात्यातला गहू आधीच्या बाजरीनं निघून जाईपर्यंत गिरणीत मागे सरकायला शिकलो. खानावळ सुटली आणि मी खोलीवर भात आणि बाजरीची भाकरी करू लागलो. माझ्या भाकऱ्या पाहून सरांच्या पत्नी म्हणाल्या की हे तर नकाशे आहेत, यांना वर्गात टांगा. हळूहळू पोट गप्प झालं, तोंड बरं झालं. एक दिवस वरच्या मजल्यावर पोचल्यावर लक्षात आलं की आपण कठडा धरलाच नव्हता.

मी सुधारलेला पाहून लोक सरांकडे येऊ लागले. कुणाचे गुडघे, कुणाची त्वचा, कुणाचं थायरॉइड. सगळ्यांना गहू सोडायचा होता. सर त्यांना चहा पाजून डॉक्टरकडे पाठवत. आमच्या शाळेच्या एका शिपायाला संधिवात होता. त्यानं कुणाचं ऐकून चपाती सोडली आणि सोबत गोळ्याही सोडल्या. बोटं सुजून त्याला घंटा वाजवता येईना. त्या दिवशी मी सरांना पहिल्यांदा संतापलेलं पाहिलं. त्यांनी त्याला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. वाटेत म्हणे एवढंच बोलत होते, "तुझा रोग माझ्या रोगाचा चुलतभाऊ असेल, पण त्याचं घर वेगळं आहे. तू तुझ्या गोळ्या खा, आणि चपातीही खा."

मग दिवाळी आली आणि मी गावी गेलो.

आईला मी आधीच सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि ताटात पडणं वेगळं. तिनं माझ्यासाठी घोडेगावच्या बाजारातून मुद्दाम गव्हाचं पीठ आणलं होतं. मी चपातीला हात लावला नाही, तेव्हा ती चुलीपुढे पाठ करून बसली. म्हणाली, "नाचनी खाऊन तुला शिकवला, तो काय परत नाचनी खायला?" मी तिला राखणदार समजावले, आतडं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि नाचणीची भाकरी करायला घेतली. फराळाच्या करंजीला, शंकरपाळ्याला मी शिवलो नाही. सुट्टीभर आईच्या हातची भाकरी, भात, खुरासणीची चटणी. भाकरी छान मऊ व्हायची.

आणि मी पडलो. सुट्टी संपायच्या आत सगळं परत आलं, पोट, तोंड, पायातलं बळ जाणं. शाळेत रुजू झालो तो पुन्हा कठडा धरून. या वेळी मी खरोखर खचलो. पथ्य पाळूनही हे होतंय, म्हणजे डॉक्टर चुकले, सर चुकले, रोग दुसराच कुठला तरी आहे. लोक बोलत होते ते खरं असणार, अशी भीतीही मनात शिरली. मी राजीनामा लिहायचं सरांना बोलून दाखवलं.

सरांनी नेहमीप्रमाणे प्रश्न सुरू केले. मीठ, हिंग, तेल, चहा, लोणचं. सगळ्याची मी उत्तरं दिली. मग त्यांनी विचारलं, भाकरी कुणाच्या हातची?

"आईच्या," मी म्हटलं.

सरांनी पुढे काहीच विचारलं नाही. हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. रविवारी सकाळी ते पिशवी घेऊन माझ्या खोलीवर हजर. "चल, तुझ्या गावाला जाऊ."

अंगणात नाचणीची कणसं वाळत घातली होती. दादा रानात होते. सर आलेले पाहून आईची धांदल उडाली. आमच्या घरी असा माणूस कधी आला नव्हता. तिनं घोंगडी अंथरली, पाणी दिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं की गुरुजींना चपाती चालंल ना. मी सांगितलं की त्यांनाही तेच पथ्य आहे, नाचणीच कर. तिला ते पटलं नाही. तिला वाटलं, मोठी माणसं गरिबाचं घर पाहून असं बोलतात.

तेवढ्यात सर उठून सरळ स्वयंपाकाच्या बाजूला गेले आणि चुलीजवळ पाटावर बसले. पाहुण्यानं असं आत येणं आमच्याकडे रीतीला सोडून, त्यातून बागाईतदाराघरचा माणूस. आईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. सरांनी जातं पाहिलं आणि विचारलं की यात कधी गहू दळलाय का. आई हसली. "आमच्याकडं गहू व्हता कधी, गुरुजी, दळायला?"

गप्पा सुरू झाल्या. सरांनी नाचणी कधी पेरली, कधी कापली ते विचारलं. आई बोलता बोलता मोकळी झाली. काठवटीत नाचणीचं पीठ घेतलं, कढत पाणी ओतलं. आणि मग तिचा हात सवयीनं मागच्या फळीवर गेला. तिथल्या डब्यातून तिनं मूठभर पांढरं पीठ काढलं आणि काठवटीत टाकलं.

मी दारात उभा होतो. सर बोलले, पण आवाज इतका खाली की मी तो वर्गात कधी ऐकला नव्हता.

"वहिनी, हे कशाला घालता?"

"मूठभर गहू घातला की भाकर उजळ व्हती, गुरुजी. तुटत न्हाई. पोरगं मास्तर झालंय, त्याच्या म्होरं काळी भाकर कशी ठिवायची? आन मूठभरानं काय व्हतंय."

"रोज घालता?"

"तो आला की घालते." तिनं माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे, मग काठवटीकडे. तिला कळायला लागलं होतं. तिचे हात पिठात तसेच थांबले.

सर म्हणाले, "माझी आई पण घालायची. बाजरीच्या पिठात, मला न सांगता. मला ठाऊक होतं. जगाला विचारत फिरलो, पण तिला विचारता आलं नाही. डिंगोऱ्याला गेलो की खायचो आणि इकडं येऊन पडायचो. ती गेली, तिला कधी कळलं नाही. तुमचा पोरगाही तुम्हाला विचारायचा नाही, म्हणून मी आलो."

आईनं काठवट उचलली आणि कालवलेलं पीठ बाहेर गाईपुढे टाकलं. काठवट राखेनं घासली, पुन्हा घासली, उन्हात उपडी घातली. तवा घासला. तो पांढऱ्या पिठाचा डबा फळीवरून काढून शेजारणीच्या घरी देऊन आली. हे सगळं होईपर्यंत सर पाटावर बसून राहिले. मग तिनं नुसत्या नाचणीची भाकरी थापली. ती काळी होती, जाड होती आणि कडेला फाटली. ताट सरांपुढे सरकवताना तिचा हात क्षणभर अडला. सरांनी एकही प्रश्न न विचारता भाकरी मोडली. पिशवीतला डबा त्यांनी उघडलाच नाही.

निघताना तिनं त्यांना विचारलं, "मी मारत व्हते का त्याला, गुरुजी?"

"वाढवत होतात," सर म्हणाले. "मूठ चुकली एवढंच."

त्या हिवाळ्यात मी सावरलो. नंतर दर महिन्याला घोडेगावच्या एसटीनं आईची नाचणी नारायणगावला येऊ लागली, एक पिशवी माझ्या खोलीवर, एक सरांच्या घरी. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले की अस्तर भरून येतंय. सर निवृत्त होऊन आता डिंगोऱ्याला राहतात. हल्ली मोबाइलवरही त्यांचा पहिला प्रश्न काय खाल्लं हाच असतो. माझ्या तब्येतीला पुढे कधी मागे वळून पाहावं लागलं नाही असं म्हणणार नाही. लग्नाकार्यात, प्रवासात चूक होते, दोन दिवस पडून राहावं लागतं. पण कारण ठाऊक असलेलं आजारपण आणि नसलेलं आजारपण यांत फार अंतर आहे.

त्या हिवाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात पुन्हा एक स्थळ आलं होतं. मुलीकडचे घर बघायला गावी येणार होते. माझ्या बाजूनं बोलायला कुणी शहाणंसुरतं माणूस हवं म्हणून दादांनी सरांना बोलावलं. मला एकच धास्ती होती. तब्येतीचा विषय निघणार आणि मागच्यासारखं होणार. सरांनी सांगितलं, काळजी करू नकोस, मी सगळं रीतसर समजावतो. एसटीत ते त्याची तयारीच करत होते, राखणदार, सरहद्द, अस्तर.

पाहुणे आले. मुलीचे वडील, चुलते आणि पुण्यात कंपनीत असलेले मामा. पंगत ओसरीवर बसली. आईनं सगळ्यांना एकच वाढलं, भात, आमटी, भाजी आणि नुसत्या नाचणीची काळी भाकरी. पाहुण्यांसाठीही वेगळं काही नाही. मी मान खाली घालून बसलो. मामांनी भाकरी उलटसुलट करून पाहिली आणि हसत म्हणाले, "काय हो, पोरगं मास्तर झालं तरी घरात नाचणीच?"

सरांनी हातातला घास ठेवला, घसा साफ केला, आणि बोलायला तोंड उघडलं.

पण आई हातात भाकऱ्यांची दुरडी घेऊन उभी होती. ती त्यांच्या आधी बोलली. डोक्यावरचा पदर तसाच, आवाज मात्र अंगणापर्यंत जाईल असा.

"मास्तर झाला त्यो नाचनीवरच झाला, पावणं. मधी मी त्याला चपाती खाऊ घातली, तर हातचा जात व्हता. त्याला गहू बाधतो. लपवायचं काय त्यात? तुमची लेक हितं आली तर तिला हवी ती चपाती करून खाऊ द्या, माझी ना न्हाई. पर ह्याच्या पिठाला हात लावायच्या आधी हात धुवायचा. पटत असंल तर बघा."

मुलीच्या वडिलांनी माझ्याकडे नीट, वेळ घेऊन पाहिलं. मग आपलं ताट थोडं पुढे केलं आणि म्हणाले, आणा इकडं, अजून अर्धी.

आई वाकून वाढू लागली. सरांचं तोंड अजून तसंच उघडं होतं. त्यांनी खाली ठेवलेला घास उचलला, तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिले.